पदराआडची सानिका

कार्तिकातल्या पहाटेचं धुकं बारवी धरणाच्या पाण्यावरून उठतं, कापून मोकळ्या झालेल्या भातखाचरांवरून हळूहळू सरकत येतं आणि आमच्या गोठ्याच्या कुडाशी येऊन थबकतं. त्या धुक्यातून एक साडी चालत येई. जांभळी, काठाला पिवळी रेघ, निऱ्यांच्या जागी नुसताच गुंडाळा, कमरेशी खोचून खोचून झालेला मोठा गोळा, आणि खाली दवाने भिजलेली दोन बारीक पावलं. पहिल्या दिवशी ओसरीवर बसून मी ती पाहिली आणि हातातला चहा मांडीवर सांडला. क्षणभर, अगदी क्षणभर, वाटलं वैशालीच आली. मग पदर बाजूला झाला आणि आतून सानिकाचं तोंड दिसलं. वय अकरा, इयत्ता सहावी. "आत्या, भाजलं का गं?" एवढंच विचारून ती बादली घेऊन गोठ्यात गेली.

मी तिची आत्या. उल्हासनगरच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं मराठी शिकवते आहे. तिथली पोरं एका वाक्यात हिंदी, सिंधी आणि मराठी अशी तीन गावं फिरून येतात, आणि मी त्यांच्यामागे लाल पेन घेऊन धावते. त्यामुळे आवाज चढा, जीभ तिखट आणि जे दिसेल ते दुरुस्त करायची खोड. लग्न केलं नाही, अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे दोन खोल्यांत राहते. माय मरो पण मावशी जगो, अशी म्हण आहे आपल्याकडे. आत्याच्या वाट्याला जी म्हण आली ती मिशांची. तर अशी ही बिनमिशांची आत्या दिवाळीच्या सुट्टीत गावी आली होती, कारण भाद्रपदात माझी भावजय वैशाली तापाने चार दिवसांत गेली होती, आणि सुट्टी संपताच तिच्या दोन्ही लेकरांना माझ्याकडे अंबरनाथला घेऊन जायचं मी मनाशी पक्कं केलं होतं.

सानिका येणार नाही म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, "चंद्रीला कोन बघल?"

चंद्री म्हणजे म्हैस. तिचं पारडू जन्मल्या आठवड्यातच मेलं होतं. तेव्हापासून ती कुणालाच पान्हा सोडेना. माझ्या भावाला, जगनला, तिने लाथेने आडवा केला होता. वैशालीने मात्र आठ दिवस तिच्याजवळ बसून, तिच्या पाठीवर आपला पदर टाकून, कासेला हात लावून तिला राजी केलं आणि मग ती म्हैस फक्त वैशालीची झाली. वैशाली माहेरी गेली की घरात दूध नाही, अशी रीतच पडली. वैशाली गेली त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं होतं, आणि गोठ्यात कास तटतटून चंद्री हंबरत होती. तिच्याकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी सानिकाने दांडीवरून आईची गोठ्यात नेसायची ती जांभळी साडी ओढली, फ्रॉकवरून गुंडाळली, पदर म्हशीच्या पाठीवर टाकला आणि खाली बसली. चंद्रीने मान वळवून पदर हुंगला. मग दूध आलं. गोठ्यातली साडी दुसऱ्याने नेसून धार काढायची ही युक्ती आमच्याकडच्या बायकांना ठाऊक असते, पण या पोरीला ती कुणी सांगितली नव्हती. तिची तिला सुचली.

मी तिला धार काढताना बघत बसे. कुडाच्या फटींतून तिरपं ऊन आत येई, त्यात पेंढ्याचे कण तरंगत, आणि त्या अर्ध्या प्रकाशात तिचे कोपर, मनगट, अंगठा एका लयीत चालत राहत. चेहऱ्यावर काही नसे. दुःख नाही, शीण नाही, इतक्या लहान वयात एवढं मोठं काम केल्याचा अभिमानसुद्धा नाही. माझ्या वर्गात तिच्या वयाच्या मुली पेन्सिलीचं टोक मोडलं तरी डोळ्यांत पाणी आणतात. ही आईला पोचवून आली तेव्हाही रडली नव्हती, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. बायका म्हणाल्या, पोरगी धीराची. मीही तसंच म्हटलं. मनातल्या मनात तिच्यापुढे हात जोडले, खरं सांगते. काहीतरी थोर, आपल्या मोजमापात न बसणारं त्या गोठ्यात रोज दोनदा घडतं आहे आणि मी त्याची साक्षीदार आहे, असं मला वाटे.

पण चारसहा दिवसांत माझ्या ध्यानात आलं, की साडी गोठ्यात थांबलेली नाही. धाकटा साई पाच वर्षांचा. तो सानिकाने साडी नेसली तरच जेवे. म्हणून ती साडी स्वयंपाकघरात आली. तो झोपताना काठ मुठीत धरी. म्हणून ती अंथरुणात आली. आणि साडीबरोबर हळूहळू वैशालीही आली. "हातपाय धुतल्याबिगर ताटावर बसाचा नाय," असं सानिका बापाला दरडावी, आणि माझा चाळिशीचा भाऊ गुमान उठून मोरीवर जाई. तीच मान वाकडी करून बोलायची ढब, तोच कमरेवर हात, तोच कंटाळलेला सुस्कारा. दुपारी शेजारच्या मुली लगोरीला हाका मारीत, तर ही दारात उभी राहून म्हणे, "मना कामं हायेत." एकदा साईने तिला चुकून "आय" म्हटलं. तिने "काय रं" असं उत्तर दिलं, आणि दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

साईला आम्ही सगळ्यांनी मिळून फसवलं होतं, तेही सांगून टाकते. आई कुठे गेली या प्रश्नाला कुणी देवाघरी म्हणालं, कुणी मामाकडे, कुणी दवाखान्यात. मी म्हणाले, येईल हो राजा. सत्तावीस वर्षं मुलांना खोटं बोलू नये म्हणून निबंध लिहायला लावणारी मी! तो रोज सकाळी फाटकाशी जाऊन वाटेकडे बघे आणि शर्टाची कॉलर चावत परत येई. सगळ्या शर्टांच्या कॉलरी त्याने चघळून मऊ करून टाकल्या होत्या.

मी जगनला गाठलं. तो बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी करून आला होता, बुटाच्या नाड्या सोडत होता.

"जगन, पोरीची आई व्हायला लागलीये. बघवत नाही मला."

"मना काय दिसत नाय का, आक्का?" तो मान वर न करता म्हणाला. "पन ती साडी नेसून आली की घर घरासारका वाटतं. कोन्या तोंडानी सांगू तिला, काढ म्हनून?"

त्याच्या तोंडाने होत नसेल तर माझ्या हातांनी होईल, असं मला वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे म्हैस रिकामी व्हायची होती. दुसऱ्या दिवशी सानिका खळ्यावर झोडणीच्या माणसांना भाकरी पोचवायला गेली आणि मला दांडीवर ती साडी दिसली. शेण, दूध, घाम, चुलीचा धूर, पेंडीचा लगदा, दीड महिन्याचं सगळं त्यात साचून ती पापडासारखी कडक झालेली. शी, काय हा गलिच्छपणा, लेकराला खरूज होईल, असं मी मोठ्याने म्हटलं, जणू कुणी ऐकतच होतं. शिवाय म्हैस बिचारी रंग बघत असेल, जांभळा आणि पिवळा, ते कुठे जाणार आहेत, असं शास्त्रही मीच रचलं. आणि तळाशी आणखी एक विचार होता, जरा लबाड: धुतली, घडी केली, ट्रंकेत ठेवली की नाटक संपेल. मी पाणी तापवलं, पावडर घातली, वर झाकणभर जंतुनाशक ओतलं आणि ती साडी दोन वेळा खळखळून धुतली. पाणी आधी काळं, मग राखाडी, मग नितळ झालं. वाळत घातली तेव्हा मला फार प्रसन्न वाटलं हो. कप्पाळ माझं!

सानिका आली. फाटकातच थांबली. दोरीवर साडी वाऱ्याने फुगत होती, लख्ख, नव्यासारखी. ती तिच्याजवळ गेली, पदर दोन्ही हातांत घेतला आणि तोंड त्यात खुपसून उभी राहिली. किती वेळ, कोण जाणे. मग वळून शांतपणे म्हणाली, "आत्या, तू धुतलीस?"

"अगं, किती मळली होती."

"व्हय," ती म्हणाली. "मळली व्हती."

तिने मला एक शब्द बोलावा, ओरडावं, भांडं आपटावं, असं मला झालं. काही नाही. संध्याकाळी तीच साडी नेसून ती गोठ्यात गेली. चंद्रीने पदर हुंगला, नाकपुड्या फेंदारल्या, पुन्हा हुंगला, आणि मग अशी काही वळली की बादली कुडावर जाऊन आदळली. सानिका पडली. उठली, पुन्हा बसली. म्हशीने पान्हा चोरला तो चोरलाच. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्या जनावराला जांभळ्या रंगाशी काय देणंघेणं! त्या दीड महिन्याच्या मळाखाली कुठेतरी वैशाली होती. तिच्या मानेचा घाम होता, तिच्या केसांचं तेल होतं. सबंध घरात तिचं म्हणून जे काही उरलं होतं ते मी पावडर घालून मोरीत सोडून दिलं होतं.

तीन दिवस असेच गेले. सकाळी वाटीभर, संध्याकाळी तेवढंही नाही, आणि कास दगडासारखी. जगन म्हणाला, आटवण्यापेक्षा देऊन टाकू, उल्हासनगरच्या एका तबेलेवाल्याला निरोप धाडतो, परवा टेम्पो येईल. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आत कुठेतरी बरंच वाटलं. म्हैस गेली की सानिकाला अडवणारं काही राहणार नाही, माझ्याकडे येईल, शाळेत जाईल, लगोरी खेळेल. दुसऱ्याच्या नुकसानीत आपली सोय दिसायला लागली की माणूस किती हलकं होतं, हे मी त्या संध्याकाळी स्वतःत पाहिलं. सानिकाने बापाचं बोलणं ऐकलं. ती म्हणाली, "परवापरेंत थांबा." साडीची घडी करून तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि आपला जुना, बाह्या आखूड झालेला हिरवा फ्रॉक घालून बाहेर पडली.

दुसरा सबंध दिवस ती चंद्रीजवळ होती. तिला ओहोळावर नेलं, पेंढ्याच्या मुठीने पाठ चोळली, शिंगांच्या मुळाशी तेल लावलं. दुपारी गोठ्यात तिच्या पुढ्यात उकिडवी बसली. साई कॉलर चावत तिच्या मागे. मी पेंडीचं घमेलं घेऊन गेले होते. कुडाच्या अलीकडे तिचा आवाज ऐकला आणि पाय तिथेच रुतले.

"चंद्रे, आयक," सानिका म्हणत होती, वैशालीच्या आवाजात नव्हे, तिच्या स्वतःच्या, किंचित घोगऱ्या, शाळकरी आवाजात. "आय गेली. मेली. ताप आल्ता तिला. मना सगल्यांनी सांगितला, तुला कोनी सांगितलाच नाय. तुला वाटला आसंल, ती येतेय रोज. ती मी व्हते. मी लबाडी केली तुझ्याशी. आय नाय येनार आता. कवाच नाय."

चंद्री रवंथ करायची थांबली होती. की मलाच तसं वाटलं, देव जाणे. पण सानिकाच्या मागे उभ्या साईच्या तोंडातून कॉलर सुटली. "उद्या पन नाय?" त्याने विचारलं.

"उद्या पन नाय."

"आत्या तर बोलते येल."

"आत्याला सांगवत नाय," सानिका म्हणाली. "म्हनून बोलते."

मी घमेलं तिथेच खाली ठेवलं. आम्ही एवढी मोठी माणसं, किती शब्द शिकलेली, किती शिकवलेली. एका जनावराला फसवणं चुकीचं आहे, एवढंसुद्धा आम्हाला कळलं नव्हतं. वाट बघणाऱ्याला खरं सांगणं हीच त्याच्यावर करायची पहिली माया, हे अकरा वर्षांची मुलगी गोठ्याच्या ओल्या जमिनीवर बसून करत होती. तिच्यापुढे मला इतकं लहान वाटलं की आत जायची हिंमत होईना. साई रडला. हुंदके देऊन, जमिनीवर पाय आपटून, दीड महिन्याचं सगळं रडला. सानिकाने त्याला मांडीवर घेतलं, गप्प बस म्हणाली नाही. तिचे डोळे तेव्हाही कोरडेच होते.

टेम्पो यायच्या दिवशी पहाटे ती हिरव्या फ्रॉकमध्ये गोठ्यात गेली. आम्ही तिघं ओसरीवर. जगनने टेम्पोत बांधायचा दोर काढून ठेवला होता. सानिकाने म्हशीच्या पाठीवर काहीच टाकलं नाही, आपला उघडा हात ठेवला. चंद्रीने मान वळवली, फ्रॉक हुंगला, कोपर हुंगलं, केस हुंगले. सावकाश, ओळख करून घ्यावी तसं. मग मान पुढे केली आणि पाय रोवून उभी राहिली. पहिली धार बादलीच्या बुडावर वाजली, दुसरी, तिसरी, मग आवाज मऊ होत गेला. जगन "आलं, आलं" म्हणत उठला, साई टाळ्या पिटायला लागला, आणि मी, देवावर फारसा विश्वास नसलेली मी, पदर डोक्यावर घेऊन हात जोडून बसले.

तेवढ्यात ती रडायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. असा आवाज मी कुणा लेकराच्या तोंडून ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकू नये. कपाळ चंद्रीच्या पोटाला टेकवून ती रडत होती आणि हात चालूच होते, कारण धार अर्धी सोडायची नसते. मी धावले, तिच्याशेजारी शेणात बसले. "अगं बाय माझे, दिलं ना तिने दूध! आता कशाला रडतेस? नाही न्यायची तिला कुणी."

"तेच ना, आत्या," ती म्हणाली. नाकातून, डोळ्यांतून नुसतं वाहत होतं. "हीच एकटी राहिल्ती. आता हीपन आयची वाट नाय बघत."

बादली भरली. तिने ती बाजूला सरकवली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, गुडघे पोटाशी घेतले, आणि पहिल्यांदाच मला कळलं की ती केवढीशी आहे. तिचे तळपाय माझ्या एका हातात मावत होते. जगन दारात उभा राहून उघड उघड रडत होता. टेम्पोवाल्याला त्याने फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

मी सुट्टी संपल्यावर, पोरांना न्यायचा हट्ट सोडून, एकटीच अंबरनाथला परतले. निघताना आत्या म्हणून काही शहाणपणाचं सांगावं असं मनात होतं, पण दोघं भावंडं पेंढ्याच्या उडवीवर कोण आधी चढलं यावरून कडाकडा भांडत होती, सानिका साईचे केस ओढत होती, आणि त्या भांडणात शिरायला मला कुणी जागाच ठेवली नाही. आताशा वर्गात एखादं पोर फार शहाण्यासारखं वागलं, की मी लाल पेन खाली ठेवते आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहते. गेलेलं माणूस एकाच दिवशी जात नाही. त्याची वाट बघणारे एकेक करून थांबतात, तसतसं ते जात राहतं, आणि त्यातला शेवटचा जो थांबतो त्याच्या वाट्याला सगळ्यांचं रडणं येतं.